चीक

पहाटे पाचला टेम्पो येतो,
लाईट न लावता एकदाच हॉर्न देतो.
झेलाबाई, रुकसाना तडवी, कोळ्यांची सुनंदा, मी.
सुकी नदीच्या पलीकडे केळीचा बाग.
फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्यातून काढायच्या,
फोम घालून खोक्यात निजवायच्या,
एकीचा दुसरीला डाग लागू नये म्हणून.

अंगणवाडीचं कुलूप साडेदहाला उघडतं.

मधले साडेपाच तास माझा हर्षल
खाटेच्या पायाला बांधलेला असतो, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं.
बांधलेला म्हणू नको, नवरा म्हणतो, अडकवलेला म्हण.
तो रात्रभर ट्रकवर, सकाळी डोळा लागतो त्याचा.
रुकसानाची थोरली सात वर्षांची,
सकाळभर ती धाकट्याची माय असते
आणि शाळेच्या हजेरीत गैरहजर.
झेलाबाईचा नातू बागेतच येतो, टाक्याशेजारी निजतो.
एकदा पाण्यावर वाकला होता.
एवढंच सांगते.

अनसूयाबाई तायडे, आमच्या सेविका, दर महिन्याला चिठ्ठी पाठवतात:
पालक सभा, मंगळवार, दुपारी तीन.
तीनला आम्ही खोकी भरत असतो.
दोन म्हाताऱ्या जातात, चहा पितात,
आणि 'पालकांच्या सूचना' या रकान्यात
अनसूयाबाई लिहितात: निरंक.
"माझ्या हातात काय आहे बाई, वेळ वरून येते."
आम्ही वर पाहिलं.
वर सातपुडा होता.

सुपडू हमाल म्हणाला, मग सभाच इथं घ्या ना,
भाकरीच्या सुट्टीत सगळे बसतातच की.
आणि त्या खरंच आल्या, रजिस्टर काखेत घेऊन,
चपला हातात, पाटाचा चिखल तुडवत.
खोक्याच्या कोऱ्या बाजूवर सुनंदानं लिहिलं
कोणाचं पोर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत
कोणाजवळ.
शेवटच्या रकान्यात तीन वेळा 'कोणी नाही' आलं
तेव्हा तिनं पेन खाली ठेवला.
सुपडूनं उचलला.

शाईची गादी नव्हती. अंगठे तसेच टेकवले,
फण्या सोडवून ओले झालेले.

रावेरच्या ऑफिसात साहेबांनी पुठ्ठा उलटापालटा केला.
"अर्ज असा नसतो. आणि सह्या कुठं आहेत?"
खरंच, काहीच उमटलं नव्हतं, नुसती ओल.
झेलाबाई म्हणाली, "राहू द्या साहेब दोन दिस.
केळीचा चीक आहे. आधी दिसत नाही."

शुक्रवारी शिपायाचा फोन आला.
सतरा अंगठे काळे पडले होते,
रेघ न् रेघ मोजता येईल असे,
आणि खालच्या कुठल्या तरी दुसऱ्याच फायलीवरही उतरले होते.
साहेब चिडले होते म्हणे. पण आले.
पाचला नाही आले, सातला आले,
रुकसानाच्या थोरलीला विचारलं, मोठं कोणी आहे का घरात?
ती म्हणाली, मी आहे.

मग बोलणी झाली: साडेपाचला उघडायचं.
आम्ही माना हलवल्या.
अनसूयाबाई गप्प. मग हळूच म्हणाल्या,
"माझं लेकरू कोण पाहील तेव्हा? आणि जास्तीच्या तासांचं काय?"
आम्ही सतरा जणांनी सतरा घरं मोजली होती,
अठरावं मोजायचं राहिलं होतं.
लाज वाटली. मग नवा पुठ्ठा घेतला,
पहिल्या ओळीत त्यांचे तास लिहिले,
मदतनीस एक, मानधन वाढीव,
आणि अंगठे परत टेकवले.

आदेश अजून आलेला नाही.
'प्रस्ताव सादर', एवढं कळतं.
रजिस्टरात यंदा निरंक नाही,
अनसूयाबाईंनी तिथं लिहिलंय: जागा अपुरी, सोबत पुठ्ठा पाहावा.

सध्या सुपडूची माय पाच पोरं घेऊन बसते ओट्यावर,
तिला गुडघ्यांमुळे पळता येत नाही, म्हणून दाराला फळी आडवी.
हर्षल तिथंच असतो.
पट्टी मी धुऊन वाळत घातली आहे.
फेकली नाही अजून.